चार भूमिका आणि एक दगड

चित्रपटांना गर्दी पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत त्यांचं नाव कधीच पुरतं लिहिलं गेलं नाही. तिथे नुसतं ‘वर्दी’ असायचं. गर्दीतल्या इतर माणसांना कपडे स्टुडिओतून मिळत, ते आदल्या माणसाच्या घामाने ओले असत आणि बाह्या मनगटाच्या वर राहत. वर्दीकाकांकडे स्वतःचे चार पोशाख होते: पोस्टमनचा, पहारेकऱ्याचा, रेल्वेच्या गार्डाचा आणि डॉक्टरचा पांढरा कोट. चारही बायकोने शिवलेले. स्वतःचे कपडे घेऊन येणारा माणूस कपडेवाल्याचा ताप वाचवतो, म्हणून त्याला पुढच्या रांगेत उभं करतात. हा धंद्यातला नियम. चाळीस वर्षं काका पुढच्या रांगेत उभे राहिले ते या नियमावर.

पोशाख इतके बेतशीर होते की कधीकधी घोटाळा व्हायचा. एकदा काम संपवून ते पोस्टमनच्या कपड्यांतच घरी निघाले, तर वाटेत एका बाईने खिडकीतून हाक मारून त्यांच्या हातात पाकीट दिलं आणि “आजच्या आज गेलं पाहिजे हं” असं दटावलं. काकांनी मुकाट्याने टपाल कचेरीपर्यंत पायपीट केली आणि ते पाकीट पेटीत टाकलं. काकूंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “सिनेमात चिठ्ठी दिलीत की नाही कोण जाणे, पण एक तरी खरी पोचवलीत.”

काका त्र्याहत्तर वर्षांचे झाले त्या वर्षी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला. बोलणं राहिलं, आणि ते पूर्वीइतकंच धारदार राहिलं. घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि चौपन्न पायऱ्या चढून जायचं. डॉक्टरकडे न्यायचं तर काकूंना लाकडी खुर्चीत बसवून, चादरीने बांधून, दोघांनी उचलून खाली आणावं लागे. उचलणाऱ्या दोन शेजाऱ्यांपैकी एक घर बदलून गेला आणि दुसऱ्याची कंबर धरली. त्यानंतर पाच महिने काकू खाली उतरल्या नाहीत.

कलावंत संघाने वृद्ध कलावंतांसाठी एक निवास बांधला होता. बैठी इमारत, मधे चौक. चौकाच्या एका बाजूला पुरुषांचा लांबलचक हॉल, समोरच्या बाजूला बायकांचा. दोन्हींत ओळीने पलंग. मागे नवरा-बायकोसाठी सात खोल्या, आणि त्यांपैकी एक त्या महिन्यात रिकामी झाली होती. हॉलमध्ये कोणत्याही सभासदाला जागा मिळे. खोली मात्र ‘भूमिका कलावंता’लाच. काकांचं ओळखपत्र ‘गर्दी’चं होतं. म्हणजे काका एका हॉलमध्ये, काकू दुसऱ्यात, आणि भेट चार ते सहा. काकूंना कुशीवर वळवायला, पाणी पाजायला, केस विंचरायला दुसऱ्या कुणाचे हात.

“मला परक्या बाईने न्हाऊ घातलेलं चालणार नाही,” काकू म्हणाल्या. “बाकी तुम्ही बघा.”

तेवढंच बघायचं होतं. खोली मिळवायची होती.

संघाचं नियमांचं पुस्तक पुतण्याच्या बायकोने, सूनबाईने, वाचून काढलं. ती कॉलेजात चित्रपट हा विषय शिकवायची. दर रविवारी यायची, काकूंची नखं कापायची, आणि काकांशी सिनेमावर वाद घालायची. नियम तिने दोनदा मोठ्याने वाचला: ‘ज्याच्यावाचून कथा पुढे सरकत नाही असे पात्र किमान पाच चित्रपटांत साकारलेला सभासद हा भूमिका कलावंत समजावा.’

“यात कुठे म्हटलंय की पात्राला नाव हवं? संवाद हवेत?” ती म्हणाली. “काका, हे तर मी वर्गात शिकवते ते.”

“काय शिकवतेस?”

मग तिने पलंगाच्या कडेला बसून समजावलं. एका जुन्या अभ्यासकाने शंभरेक परीकथा शेजारीशेजारी मांडून पाहिल्या. माणसं वेगळी, कपडे वेगळे, गावं वेगळी, पण कामं तीच ती. त्याने मोजून सात भूमिका काढल्या. नायक. खलनायक. नायकाला कामगिरीवर धाडणारा. त्याला उपयोगाची वस्तू देणारा दाता. त्याचा मदतनीस. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप ती. आणि तोतया नायक. सिनेमालाही हे लावून बघता येतं. माणूस कोण आहे ते विचारायचं नाही, गोष्टीत तो करतो काय तेवढं विचारायचं.

“म्हणजे राजा असो नाहीतर पोस्टमन?” काका म्हणाले.

“पोस्टमनने दिलेल्या पत्रामुळे नायक घर सोडून निघाला, तर पोस्टमन महत्त्वाचा. राजा नुसता सिंहासनावर बसून राहिला, तर तो गर्दी.”

हे काकांना फार आवडलं. ते उठले, पाण्याचा तांब्या भरून आणला, पुन्हा बसले.

“मग आमच्या घरात खलनायक कोण?” काकूंनी विचारलं.

“जिना,” काका म्हणाले.

“आणि नायक?”

“तो यायचाय अजून.”

“तोतया नायक म्हणजे काय गं?”

“दुसऱ्याने केलेल्या कामावर आपला हक्क सांगणारा.”

“हात्तिच्या. तो यांचा मुकादम.”

त्या दिवसापासून सूनबाई आणि काका कामाला लागले. काकांनी आठवून आठवून एकशे बारा चित्रपटांची यादी केली. त्यांतले बहुतेक निव्वळ गर्दीचे: लग्नात, बाजारात, न्यायालयाच्या बाकावर. तिथे कितीही ओढून ताणून काही निघेना. बाजारात कांदे निवडणाऱ्या माणसाला उचलून बाजूला ठेवलं तर बाजाराचं काही बिघडत नाही. कॉलेजच्या संग्रहातले चित्रपट सूनबाईने तीन आठवडे पाहिले, वही पुढ्यात घेऊन, काका जिथे दिसतील तिथे थांबवून. चार सापडले.

पहिल्यात काका पोस्टमन होते आणि त्यांनी दिलेल्या पत्रातून नायकाला भाऊ जिवंत असल्याचं कळत होतं. दुसऱ्यात डॉक्टर. तपासणी करून ते मान हलवत आणि चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहीत, ते औषध आणायला नायक समुद्रापार जाई. “इथे तुम्ही धाडणारे,” सूनबाई म्हणाली. तिसऱ्यात रेल्वेचे गार्ड, विसरलेली पेटी नायकाच्या हवाली करणारे. चौथ्यात पहारेकरी. खलनायकाच्या बंगल्याचं मागचं फाटक ते मुद्दाम उघडं ठेवत. चारही प्रसंगांत काका एक शब्द बोलत नव्हते. चारही प्रसंग मिळून सिनेमातली तीन मिनिटं भरत नव्हती. पण ते काढले तर चारही गोष्टी जागच्या जागी अडत होत्या.

पाचव्याची काळजीच नव्हती. पाचवा काकांचा मानाचा चित्रपट. एकतीस वर्षांपूर्वीचा. त्यात ते तुरुंगाचे म्हातारे पहारेकरी होते. निरपराध नायकाला फाशी व्हायची आहे, आणि पहाटे हा पहारेकरी गजांतून किल्ली आत सरकवतो. शिवाय वाक्य होतं. उभ्या आयुष्यातलं त्यांच्या तोंडचं एकुलतं एक वाक्य: “जा. मागे बघू नकोस.” काका हा प्रसंग सांगायचे तेव्हा किल्लीला बांधलेल्या सुतळीचा रंगसुद्धा सांगायचे. सूनबाईने तो लग्न होऊन आल्यापासून निदान वीसदा ऐकला होता आणि वीसही वेळा त्यात काना-मात्रेचा फरक पडला नव्हता.

त्या चित्रपटाची प्रत कॉलेजात नव्हती. दुसऱ्या शहरातल्या संग्रहातून यायला पंधरा दिवस लागणार होते आणि अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती. न पाहिलेल्या चित्रपटाबद्दल एक ओळही लिहायची नाही, हे सूनबाई दर वर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहायची. त्या गुरुवारी तिने काकांच्या सांगण्यावरून पाचव्या चित्रपटाची अर्धं पान टिपणी लिहिली, खाली ‘भूमिका: दाता’ असं नोंदवलं, काकांची सही घेतली आणि अर्ज देऊन आली.

एक गोष्ट तिला तेव्हा ठाऊक नव्हती. काकांनी तो चित्रपट पाहिलेला नव्हता. त्यांनी स्वतःचा एकही चित्रपट पाहिला नव्हता, अगदी पहिला सोडून. पहिल्या वेळी ते तिकीट काढून गेले, आणि त्यांचा चेहरा पडद्यावर आला नेमका तेव्हाच पुढच्या खुर्चीवरचा माणूस चप्पल शोधायला उठला. त्यानंतर ते गेले नाहीत. काकू जायच्या. पहिल्या दिवशीच्या तिसऱ्या खेळाला, शिवणाचं काम आवरून, एकट्या. परत येऊन सांगायच्या: “डोकं तेवढं दिसलं,” किंवा “टोपी वाकडी होती, मी शिवलेली नव्हे ती,” किंवा “ओळखू आलात.” घरचा रिवाजच होता तो. काकांचे सगळे चित्रपट काकांना असे काकूंकडून मिळाले होते.

प्रत आली ती मंगळवारी. सूनबाई दुपारी लॅपटॉप घेऊन आली. काकूंच्या पलंगाशी स्टूल सरकवून तिने तो वर ठेवला, म्हणजे तिघांनाही दिसेल. काका दाढी करून, बाहेर जायचा सदरा घालून बसले होते. पाऊण चित्रपट झाला. तुरुंगाचा प्रसंग जवळ आला तशा काकू म्हणाल्या, “बंद कर गं. माझे डोळे दुखतात.”

“पाचच मिनिटं, काकू.”

“मग मला भिंतीकडे वळवा.”

काकांनी त्यांना वळवलं, पाठीशी उशी लावली आणि येऊन बसले. पडद्यावर कोठडी आली. गजांतून येणारा उजेड आला. नायक उठला, त्याने इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यातून एक दगड उचलला आणि कुलुपावर घातला. तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं. नायक पळाला. पुढचा प्रसंग जंगलातला होता.

सूनबाईने चित्रपट मागे नेऊन पुन्हा दाखवला. पुन्हा दगड.

“कापलंय,” ती हळूच म्हणाली. “नंतर बदललंय काका, त्यांनी. दगडाचं वेगळं चित्रण करून घेतलंय.”

काकांनी भिंतीकडे तोंड केलेल्या काकूंना विचारलं, “तू गेली होतीस ना बघायला?”

“गेले होते.”

“मग आल्यावर म्हणालीस की…”

“म्हणाले, किल्ली देताना तुमचा हात जरासुद्धा थरथरला नाही.”

“नव्हतंच तर कशाला म्हणालीस?”

“तुमच्या तोंडी पहिल्यांदा वाक्य आलं होतं. महिनाभर आंघोळ करताना म्हणत होतात. येऊन काय सांगायचं होतं मी? तुमचं काम दगडाने केलं म्हणून? बाकीच्या चित्रपटांचं सगळं खरं सांगितलं. एवढं एकच. आता वळवा मला, हात दबलाय.”

काकांनी त्यांना वळवलं.

सूनबाई पुढचे दहा दिवस उरलेल्या यादीच्या मागे लागली. जे मिळाले ते चित्रपट तिने डोळे लाल होईपर्यंत पाहिले. एकात काका नायकाला वाट दाखवताना दिसले, पण नायक दुसऱ्याच वाटेने गेला. एकात त्यांच्या हातात कंदील होता, पण त्या प्रसंगात उजेडाचं कुणालाच काही पडलेलं नव्हतं. पाचवी भूमिका निघाली नाही. आणि अर्जात तर ती लिहिलेली होती, सहीनिशी.

अर्ज तपासणाऱ्या समितीत तिघं होते. सचिव पूर्वी रंगभूषाकार होते. हजारो चेहरे हाताखालून गेलेला माणूस, काकांना नावाने नाही तरी नाकाने ओळखत होता. दुसऱ्या एक निवृत्त नर्तकी, आणि तिसरे कधीच न बोलणारे एक संकलक. सूनबाईने चार प्रसंग भिंतीवर दाखवले आणि प्रत्येकाच्या आधी-नंतरची गोष्ट सांगितली. नर्तकीबाई मधेच म्हणाल्या, “मग या हिशेबाने मी पंधरा वर्षं नाचले ती गर्दीच की.” सचिव हसले. पण त्यांना मुद्दा पटला होता, हे दिसत होतं.

काका पहिल्यांदा स्वतःला ओळीने बघत होते. पत्र देणारा हात, औषध लिहिणारा हात, पेटी, फाटक. चेहरे दर वेळी थोडे अधिक म्हातारे. चौथा प्रसंग संपला तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले होते.

“पाचवं?” सचिवांनी विचारलं.

“पाचव्याची प्रत…” सूनबाईने सुरुवात केली आणि तिथेच अडखळली.

“राहू दे. तो चित्रपट आम्हाला ठाऊक आहे. कुणी पाहिलाय हल्ली?” सचिवांनी अर्ज पुढे सरकवला. “काका, इथे फक्त लिहून द्या की हा प्रसंग चित्रपटात आहे. तेवढं पुरे. खोली रिकामीच आहे. सोमवारी काकूंना घेऊन या.”

सूनबाईने काकांकडे पाहिलं नाही. पेन टेबलावर होतं. आदल्या संध्याकाळी काकूंनी स्पष्ट सांगितलं होतं, विचारलंच तर हो म्हणा, कोण बघायला बसलंय.

“तो प्रसंग चित्रपटात नाही,” काका म्हणाले.

“म्हणजे?”

“मी किल्ली दिली होती. ते कापलं. आता तिथे दगड आहे.”

कधीच न बोलणाऱ्या संकलकांनी पहिल्यांदा मान वर केली. सचिवांनी अर्ज परत आपल्याकडे ओढला. “हे तुम्ही सांगितलं नसतंत तर चाललं असतं,” ते म्हणाले. “आता मला चालवून घेता येत नाही.” सूनबाईने मग वाद घातला. चित्रण झालं होतं, पहिल्या पटकथेत ते पात्र होतं, मूळ गोष्टीत दाता होता. सचिवांनी सगळं ऐकून घेतलं. “बाई, कापलं ते कापलं. तुम्हीच शिकवता ना, गोष्टीत काय आहे ते बघायचं?”

बसमध्ये सूनबाईने विचारलं, “का काका?”

काका म्हणाले, “चार खरे होते. भिंतीवर दिसले ना. त्यांच्या शेजारी पाचवा खोटा बसवला असता तर…” पुढचं त्यांना जुळवता आलं नाही. खरं सांगायचं तर पुढेही कधी जुळवता आलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी काकूंना आडपडदा न ठेवता सांगितलं. काकूंनी ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. तीन दिवस त्या काकांशी बोलल्या नाहीत. पाणी हवं असलं तर भांड्याकडे बघायच्या. चौथ्या दिवशी काका त्यांचे केस विंचरत असताना त्या म्हणाल्या:

“एकतीस वर्षं मी तुमच्यासाठी खोटं बोलले. तुम्हाला माझ्यासाठी एक मिनिट बोलता आलं नाही.”

काकांचा कंगवा थांबला, मग पुन्हा चालू झाला. केस पातळ होते, गुंता फारसा नव्हता. तरी त्या दिवशी वेणी घालायला पाऊण तास लागला.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते निवासात गेले. दुसरा मार्ग नव्हता. सूनबाईचं घर दोन खोल्यांचं, सासू-सासऱ्यांसकट भरलेलं. तिने तरीही विचारलं होतं आणि काकूंनी एका शब्दात नाही म्हटलं होतं. खुर्ची उचलायला निवासाची दोन माणसं आली आणि चौपन्न पायऱ्या काकू शेवटचं उतरल्या. काकांना पुरुषांच्या हॉलमध्ये अकरावा पलंग मिळाला, काकूंना समोरच्या हॉलमध्ये खिडकीजवळचा. दोन खिडक्यांच्या मधे चौक होता, चाळीस पावलांचा. काकांनी तो पहिल्याच दिवशी चालून पाहिला.

चार वाजता दार उघडे. काका पावणेचारलाच बाकावर येऊन बसत. सहापर्यंत ते काकूंजवळ असत, केस विंचरत, बाह्या सारख्या करत, हॉलमधल्या इतर बायकांच्या कागाळ्या ऐकत. काकूंना न्हाऊ घालणारी मदतनीस चांगली होती, हात हलका होता. काकूंनी तिच्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही, आणि काकांना त्याचंच जास्त लागलं. खोलीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. एकदाच, काका निघायला उठले तेव्हा, त्या म्हणाल्या, “सगळं आयुष्य सिनेमात काढलंत, आणि खोटं बोलायला तेवढं शिकला नाहीत.” आवाजात राग नव्हता. काकांना वाटलं, राग असता तर बरं झालं असतं.

रिकामी खोली महिन्याभराने एका खलनायकाला मिळाली. म्हणजे पडद्यावरच्या. माणूस देवमाणूस होता. त्याची बायको ठणठणीत होती, ती काकूंना वर्तमानपत्र वाचून दाखवायला यायची.

सातव्या महिन्यात, सकाळी सव्वासात वाजता, बायकांच्या हॉलवरची मदतनीस चौक ओलांडून अकराव्या पलंगापाशी आली. काका जागे होते. तिने जे सांगायचं ते खालच्या आवाजात सांगितलं. झोपेतच गेल्या, पहाटे कधीतरी. पाच वाजता ती कूस बदलायला गेली तेव्हा हात ऊन होता, सातला थंड लागला. काकांनी सदरा बदलला आणि ते बाहेर आले. समोरचं दार बंद होतं. आत अजून सोळा बायका होत्या. त्यांच्या आंघोळी आणि कपडे व्हायचे होते, आणि तोवर पुरुषाला आत सोडायचं नाही असा नियम होता. कुणी वाईट वागत नव्हतं. त्या बायकाही घाई करत होत्या.

काका बाकावर बसले. नवव्या पलंगावरचा म्हातारा, गर्दीतलाच एक जुना सोबती, काठी टेकत आला आणि शेजारी टेकला.

“सोडत नाहीत का रे आत?”

“आवरतायत बायका.”

“सांगू का मी जाऊन?”

“नको,” काका म्हणाले. “आवरू दे त्यांना.”

दार आठ वाजता उघडलं.